पंचमाची पट्टी

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याच्या आदल्या आठवड्यात पंचवटीत आत्याच्या भजनी मंडळाचा रोज संध्याकाळी सराव चालतो. यंदा सरावाच्या दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "अगं, पेटीतला पंचम अंगावर येतोय. कितीही हळू दाबला तरी खेकसतो." आत्या कीबोर्डलाही पेटीच म्हणते.

मंडळातल्या बायका काळी चारला गातात, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. काळी चारचा षड्ज, म्हणजे सा, धरला की पंचम, म्हणजे प, येतो काळी दोनवर. बिघडली ती नेमकी मधल्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे कुठलाच अभंग तिला वगळून पुढे सरकेना. दुकानात नेला, तर त्यांनी न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेलाय, नवीन घ्या." ६१ पट्ट्यांचा हा कीबोर्ड बायकांनी वर्गणी काढून घेतलेला आहे. मी म्हटलं, आधी सिडकोला माझ्याकडे घेऊन ये.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला आणि अंबडच्या एका कारखान्यात बरीच वर्षं सोल्डरिंगला होते. कीबोर्ड मात्र घरच्या टेबलावर उघडूनच शिकले. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी वही घेते. डावीकडून एकेक पट्टी वाजवायची, आधी हळू, मग जोरात, आणि काय होतं ते लिहायचं. सलग सहा-आठ पट्ट्या मुक्या असतील किंवा ठरावीक अंतराने एकेक मुकी असेल, तर दोष पट्ट्यांत नसतो. तिथे चपटी केबल सैल झालेली असते, एखादा डायोड किंवा बोर्डावरची तांब्याची रेघ तुटलेली असते. एकच पट्टी वेडंवाकडं वागत असेल, तर बहुतेक वेळा तिच्या खालचा कचराच कारण असतो. बोर्ड गेला असता तर बाकीच्या साठ पट्ट्या इतक्या सुरेल कशा वाजल्या असत्या?

आत्या ॲडॅप्टर घरीच विसरली होती. माझ्या खणात चार-पाच पडलेत, पण पिन बसते म्हणून कुठलाही लावायचा नाही. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डांना १२ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आत प्लस असतो. कॅसिओच्या जुन्या कीबोर्डांना ९ व्होल्ट लागतात आणि आत मायनस. त्याच कॅसिओच्या नंतरच्या मॉडेलांना ९.५ व्होल्ट, पण आत प्लस. कीबोर्डाच्या मागे प्लस-मायनसचं छोटं चित्र छापलेलं असतं. ते चित्र आणि व्होल्ट जुळत नसतील किंवा ॲम्पिअर कमी पडत असतील, तर लावायचाच नाही. मी सहा मोठे सेल घातले आणि काम सुरू केलं.

वहीत उत्तर दिसतच होतं. काळी दोन कधी पूर्ण मुकी, कधी पूर्ण जोरात, मधलं काहीच नाही. असं का होतं, ते मला फार सुंदर वाटतं. हळू-जोर ओळखणाऱ्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराचा छोटा घुमट असतो आणि त्यात कार्बनच्या दोन काळ्या टिकल्या. पट्टी खाली जाताना एक टिकली बोर्डाला आधी टेकते, दुसरी क्षणभर नंतर. या दोन टेकण्यांमधला वेळ यंत्र मोजतं. वेळ जास्त म्हणजे बोट हळू आलं, कमी म्हणजे जोरात. जोर किती पडला, हे ते मोजतच नाही. आता पहिल्या टिकलीखाली धूळ बसली की ती उशिरा टेकते, जवळजवळ दुसरीच्या बरोबर. मधला वेळ उरतच नाही आणि यंत्राला वाटतं, कुणीतरी दणका दिला. आत्याचं बोट मऊच होतं.

उलटा केला आणि स्क्रू काढले. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला तर वरचं प्लास्टिक फोडतो, म्हणून मी थर्मोकोलवर कीबोर्डाची आकृती काढून ज्या त्या जागी टोचून ठेवते. चपट्या केबलीचा काढण्याआधी फोटो. पांढऱ्या पट्ट्या सुट्या नसतात, पांढरी एकला सा मानला तर सा-ग-प-नी एका फणीत आणि रे-म-ध दुसरीत, असे झुपके निघतात. त्याखाली रबराची लांब पट्टी. ती ओढायची नाही, बोर्डाच्या भोकांत अडकलेली तिची शेपटं एकेक हलकेच सोडवायची.

आत उदबत्तीची राख, तांदळाचा दाणा आणि काळी दोनच्या बरोबर खाली बारीक, करडा तंतू. देव्हाऱ्याशेजारी ठेवायची जागा ना ती!

कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली केली आणि बोर्डावरचे काळे ठिपके पुसले. रबरातल्या टिकल्या कोऱ्या सुती कापडावर हलकेच टेकवल्या. पॉलिश पेपर तर अजिबात लावायचा नाही. कार्बनचा थर इतका पातळ असतो की एकदा खरवडला की संपलं. पेन्सिलचं शिसं घासायचा उपाय लोक सांगतात. चार दिवस चालतो आणि ती पूड शेजारच्या ठिपक्यावर जाते. मला तो पटत नाही. मग अर्धा तास पंख्याखाली वाळू दिलं, कारण रबराखाली ओल राहिली तर पट्टी आळसटते.

जोडून झाल्यावर आत्याला बसवलं. तिने काळी चार धरली, मग पंचमावर बोट नुसतं ठेवल्यासारखं ठेवलं. सूर आला, अगदी तेवढाच. पुन्हा थोडा जास्त, पुन्हा थोडा जास्त, जिना चढावा तसा. दहा मिनिटं ती एकाच पट्टीवर होती.

मग म्हणाली, "वरच्या सप्तकातली काळी दोन पण बघ ना गं, जरा अडकतेय."

मी थर्मोकोल परत पुढे ओढलं.