तुम्ही विचारलंत म्हणून: असईला आपण हरलो कसे?

जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून गेले की भोकरदनच्या बाजूला असई लागते. इतिहास शिकवणारा म्हणून मला मराठ्यांच्या इंग्रजांशी झालेल्या इथल्या लढाईविषयी एकच प्रश्न वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने त्याचे उत्तरही मनाशी ठरवलेले असते. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची पन्नास हजारांच्या घरातली फौज, शंभराच्या आसपास तोफा, आणि समोर इंग्रज सेनापती वेलस्लीचे सुमारे 4,500 कवायती शिपाई व काही हजार स्वार. मग, सर, फितुरीशिवाय असा निकाल लागेलच कसा?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर मला पटत नाही. आपण दोन्ही छावण्यांचा नकाशा समोर ठेवून विचार करतो. 23 सप्टेंबर 1803 च्या सकाळी तसा नकाशा कोणाजवळच नव्हता.

वेलस्ली आणि दुसऱ्या इंग्रजी फौजेचा सेनानी कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन दिवस आधी बदनापूरला भेटून ठरवले होते की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जावे आणि 24 तारखेला मिळून हल्ला करावा. मराठी फौज भोकरदनजवळ आहे, अशी त्यांची समजूत होती. 23 तारखेला वेलस्ली मुक्कामाच्या जागी पोचला तेव्हा त्याला खबर मिळाली की फौज अवघ्या दोन-तीन कोसांवर आहे, घोडदळ निघून गेले आहे आणि पायदळही निघण्याच्या बेतात आहे. फौज जवळ असल्याची बातमी खरी होती. घोडदळ गेल्याची साफ खोटी. पायदळ निसटेल या धास्तीने तो घाईने पुढे आला आणि पाहतो तो केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात सगळी फौज, स्वारांसकट, जागच्या जागी उभी.

आता मागे फिरावे, असे घरी बसून आपल्याला वाटते. पण हजारो स्वार पाठीवर घेऊन, सामानसुमान सांभाळत माघार घेणे हे लढण्याहून सोपे नव्हते. म्हणजे जो डाव आपल्याला वेडा वाटतो, तो खोट्या खबरीने त्याला जिथे आणून सोडले तिथून फारसा वेडा नव्हता.

उताराची, म्हणजे नदी पायी ओलांडण्याच्या जागेची, गोष्ट याहून बोलकी आहे. वाटाडे सांगत होते की नदीला पुढे उतार नाही. वेलस्लीला मात्र केळण्याच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, आणि त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असणारच, एवढ्या तर्कावर त्याने सैन्य तिकडे वळवले. तापी-गिरणेच्या काठच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. समोरासमोरच्या गावांत सोयरिकी असतात, बाजारहाट असतो, म्हणजे उतार असतोच. तिथे पाणी खोल निघाले असते, तर हाच तर्क आज आपण मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला असता.

त्याचा पुढचा अंदाज चुकलाच. बगलेवर उतरल्यावर शिंद्यांच्या पलटणींना वेळेत तोंड फिरवता येणार नाही, असे त्याने धरले होते. शिंद्यांच्या चाकरीतला जर्मन अधिकारी पोलमन याच्या हाताखालच्या त्या पलटणींनी सफाईने काटकोनात फिरून नवी फळी उभी केली. इंग्रजांची उजवीकडची तुकडी भलतीच असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि त्यांची 74 वी पलटण जवळजवळ कापली गेली. वेलस्लीची एकूण 1,500 हून अधिक माणसे ठार-जखमी झाली.

नदीच्या उताराबाबत पानिपताआधी याच्या उलट घडले. ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊसाहेब कुंजपुरा घेऊन पुढे निघाले ते दुथडी वाहणारी यमुना अब्दालीला ओलांडता येणार नाही, या हिशेबाने. तो बागपताजवळ पार झाला आणि दिल्लीची वाट तुटली. भाऊसाहेबांना आपण आजही दोष देतो. पण पूर आलेल्या नदीविषयीचा त्यांचा अंदाज वेलस्लीच्या अंदाजापेक्षा अधिक सावध होता, असे माझे मत आहे.

राहिली फितुरी. इंग्रजांनी शिंद्यांची चाकरी सोडावी, अशा ईस्ट इंडिया कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर त्या चाकरीतले बरेच इंग्रज अधिकारी सोडून गेले आणि त्याचा फटका पलटणींना बसला, हे खरेच आहे. पण जी फौज ऐन लढाईत तोंड फिरवून उभी राहिली, तिच्या पराभवाचे सगळे ओझे मी त्या अधिकाऱ्यांवर टाकणार नाही. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी असईला पोचला. सकाळची ती खोटी खबर आलीच नसती आणि 24 तारखेची एकत्र चढाई ठरल्याप्रमाणे झाली असती, तर निकाल कोणताही लागो, फितुरीचा संशय बहुधा कोणाला आला नसता.