काकूंचा लॅपटॉप आणि एक बिट

२०२४ चा जुलै. पाऊस दोन दिवस थांबायचं नाव घेत नव्हता, टिळक रोडला पाणी साचलेलं, गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. अशात नारायण पेठेतल्या एक काकू दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरून माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आल्या. वय सत्तरीच्या पुढे, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. छत्री दाराशी ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "हे बघ, फॉरमॅट मारायचा नाही. दोन ठिकाणी तेच सांगितलं म्हणून तुझ्याकडे आलेय."

दोन ठिकाणी काय झालं ते त्यांनी सांगितलं. एकाने स्क्रीन बघितली आणि म्हणाला विंडोज टाकून देतो, दीड हजार. दुसरा म्हणाला मदरबोर्ड गेला, चौदा हजार. दोघांनीही स्क्रीनवर लिहिलेलं वाचलेलं नव्हतं. मला या धंद्यात सगळ्यात जास्त राग याचा येतो. मशीन स्वतः सांगतंय काय दुखतंय ते, आणि आपण न वाचताच ऑपरेशनची तारीख देतो.

स्क्रीन काळी, त्यावर पांढऱ्या ओळी, कॅप्स लॉकचा दिवा सारखा उघडमीट करतोय. हा दिवा लुकलुकला की समजायचं की कर्नल पॅनिक, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यालाच पुढे जाता येत नाहीये. शेवटची ओळ होती, 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक (०,०)'. भाच्याने अमेरिकेतून आला असताना विंडोजऐवजी उबुंटू २०.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिलेली, डिस्क एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाही अशी. काकूंना विचारलं, चालू करताना पासवर्ड विचारतो तो आता विचारतोय का? म्हणाल्या नाही, त्याच्या आधीच हे येतं. तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं.

कसं ते सांगतो. कर्नल एकटा डिस्क उघडू शकत नाही. त्याच्याबरोबर एक छोटी बांधलेली शिदोरी मेमरीत चढते, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात, त्यात ड्रायव्हर असतात आणि डिस्कचा पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅमही असतो. शिदोरीच नसली तर कर्नल डिस्क शोधतो, सापडत नाही, आणि (०,०) म्हणजे मला कुठलंच डिव्हाइस दिसत नाही असं सांगून थांबतो. एन्क्रिप्टेड उबुंटूत बूटचं पार्टिशन, म्हणजे कर्नल आणि शिदोरी ठेवायचा डिस्कचा भाग, वेगळं आणि लहान असतं, काकूंचं होतं ७०५ एमबी. उबुंटू सिक्युरिटीचे अपडेट आपोआप घेतं, नवे कर्नल येत राहतात, जुने काढले गेले नाहीत की पार्टिशन भरतं, आणि एक दिवस नवा कर्नल तर बसतो पण शिदोरी बांधायला जागा उरत नाही.

एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कुठला कर्नल चालू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणला, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडला, पासवर्ड विचारला, काकूंनी भिंतीकडे वळायला सांगून टाकला, आणि डेस्कटॉप समोर. डीएफ, म्हणजे जागा किती भरलीय ते दाखवणारी कमांड, मारली, बूट १०० टक्के. पाच कर्नल बसलेले. तीन जुने काढले, अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी केली, नव्या कर्नलची शिदोरी बांधली, ग्रब अपडेट केलं, रीस्टार्ट. पंचवीस मिनिटं. खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, कारण फॉरमॅट नाही, मदरबोर्ड नाही, कारण सापडलं आणि कारणावरच इलाज केला.

काकूंनी विचारलं, नॉट सिंकिंग म्हणजे काय रे? मी सांगितलं, कर्नलला एकदा वाटलं की आपल्याच मेमरीत गडबड असू शकते, की तो हातातलं काही डिस्कवर लिहीत नाही, उगाच चुकीचं लिहून चांगला डेटा बिघडू नये म्हणून आहे तिथे थांबतो. त्यांना ते आवडलं. "शहाणा आहे," म्हणाल्या.

मग मी विचारलं की एवढं जपताय ते आहे काय. तेव्हा कळलं. माहेर वाईचं, घरात मोडी कागदांचे रुमाल होते, रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. पेशवाईतले हिशेब, करारपत्रं, घरगुती पत्रं. काकू निवृत्तीनंतर मोडी शिकल्या आणि कॅमेरा घेऊन तीन वर्षं वाईला जाऊन एकेक कागद काढत होत्या. ६,४१२ फोटो आणि त्यांनी टाइप केलेली लिप्यंतरं, म्हणजे तोच मजकूर देवनागरीत. वाडा विकला गेला, कागद चुलत्यांमध्ये वाटले गेले, त्यातला एक गठ्ठा वाळवीने संपवला. एवढं सगळं एकाच लॅपटॉपवर. मी म्हटलं काकू, आत्ताच्या आत्ता बॅकअप. समोरून नवी एक्स्टर्नल डिस्क आणवली, ३८ जीबी कॉपी केलं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, आता निर्धास्त राहा.

हे वाक्य मी बोललो होतो.

चार दिवसांनी फोन. "अरे, परत तसंच झालंय, पण पासवर्ड विचारल्यानंतर." आणायला सांगितलं. या वेळी पॅनिक वेगळं, अटेम्प्टेड टू किल इनिट, म्हणजे कर्नल सगळ्यात आधी चालू करतो तो प्रोग्रॅमच मेला. रीस्टार्ट केला तर चालू झाला. परत केला तर तिसऱ्याच ठिकाणी पडला, जनरल प्रोटेक्शन फॉल्ट नावाची आणखी वेगळी चूक. सॉफ्टवेअर बिघडलं असेल तर बहुतेक वेळा त्याच जागी पडतं. रोज नव्या जागी पडायला लागलं की रॅम, म्हणजे मशीनची मेमरी, बघायची, हे मी माझ्याकडच्या मुलाला पहिल्या महिन्यात शिकवतो.

रॅम तपासायला मेमटेस्ट रात्रभर लावावा लागतो. गिऱ्हाईक त्याला तयार नसतं, "फक्त बघायचे पैसे?" असं विचारतं आणि एक तासात मशीन परत मागतं. शिवाय यूईएफआयवर, म्हणजे नव्या मशीनमध्ये बायोसच्या जागी असतं त्याच्यावर, उबुंटू २०.०४ च्या ग्रबमध्ये मेमटेस्ट दिसतच नाही, पेनड्राइव्हवर वेगळा टाकून चालवायला लागतो, आणि जुना मेमटेस्ट८६प्लस यूईएफआयवर चालायचाच नाही, ती सोय २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत आली. ही सगळी कारणं खरी आहेत. पण पहिल्या दिवशी मी मेमटेस्ट लावला नाही तो यामुळे नाही. स्क्रीनवरच्या ओळीचं पूर्ण उत्तर माझ्याकडे होतं म्हणून लावला नाही.

रात्री साडेनऊला लावून घरी गेलो, सकाळी येऊन बघतो तर चुकांच्या ओळींनी स्क्रीन भरलेली. प्रत्येक ओळीत दोन आकडे, काय असायला हवं होतं आणि काय सापडलं. दोन्ही लांबलचक, आणि फरक एकाच अंकाचा, दर वेळी त्याच जागी. एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एकची एकच जागा, पण हटून बसलेलं. मागचं झाकण उघडलं. ८ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली आणि ८ ची एक पट्टी स्लॉटमध्ये. ड्युअल चॅनलमध्ये दोन्हीकडची मेमरी मिसळलेली असते त्यामुळे ॲड्रेसवरून कुठली खराब हे ठरवता येत नाही, काढूनच बघावं लागतं. पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने घासले, परत बसवली, चुका तशाच. पट्टी काढली, नुसत्या बोर्डावरच्या मेमरीवर दोन फेऱ्या, शून्य चुका. माझ्याकडची चांगली पट्टी लावली, शून्य. पट्टी दोषी. काकूंना विचारलं, ही कधी बसवली? "२०२३ च्या दिवाळीत, स्लो चालत होता म्हणून." कुठल्याशा दुकानात, बिल नाही. बसवताना कोणी एक रात्र तपासून दिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

सकाळी दहाची वेळ, चहा हातात, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की बॅकअप मी याच रॅममधून घेतलाय. कॉपी करताना प्रत्येक फाइल आधी मेमरीत येते आणि मग दुसऱ्या डिस्कवर जाते. त्या एका खराब जागेवर जिचा तुकडा आला ती फाइल बिघडून गेली असणार, आणि एरर कुठेच आला नसणार. जी गोष्ट होऊ नये म्हणून कर्नल थांबतो तीच मी त्याच मशीनवर केली.

काकूंना फोन करून सरळ सांगितलं. त्या दोन मिनिटं बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता मोजायचं कसं ते सांग."

चांगल्या पट्टीवर मशीन चालू करून लॅपटॉपवरच्या आणि बॅकअपमधल्या सगळ्या फायलींचे शा-२५६ काढले, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून हिशेबाने निघणारा एक लांब आकडा. फाइल एका बिटाने जरी बदलली तरी हा आकडा पूर्ण बदलतो. ६,४१२ पैकी तीन फोटो जुळेनात. बॅकअपमधला एक उघडला, वरचा निम्मा कागद स्वच्छ आणि तिथून खाली सगळं हिरवट, अक्षरं बाजूला सरकलेली. लॅपटॉपवर तिन्ही नीट होते. ते तीन माझ्या हातून बिघडले.

मला वाटलं सुटलो. काकूंनी गणिताच्या बाईंसारखा प्रश्न विचारला. "दोन्ही सारख्या आहेत हे कळलं. पण बरोबर आहेत हे कशावरून? कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर घेतानासुद्धा हीच पट्टी होती ना?"

होती. दिवाळीनंतरचे २,१४४ फोटो तिच्यातूनच आले होते आणि कार्डावरचे काकूंनी दर वेळी डिलीट केले होते. ते कार्ड मागवलं, ३२ जीबीचं, मधे नातवाच्या मुंजीचं शूटिंगही त्याच्यावरच झालेलं. दुकानातल्या डेस्कटॉपवर फोटोरेक हा पुसलेल्या फायली परत काढणारा प्रोग्रॅम लावला. पुसलेली फाइल जोवर वरून काही लिहिलं जात नाही तोवर कार्डात असते. नावं जातात, पण शा-२५६ ला नावाची गरज नाही. १,३९१ फोटो तंतोतंत जुळले. ७५३ उरले, ते काकूंनी एकेक उघडून डोळ्याने बघितले, अकरा दिवस लागले, दोन बिघडलेले निघाले. त्यातल्या एकाचा मूळ कागद चुलतभावाकडे सापडला. दुसरा वाळवीच्या गठ्ठ्यातला.

फोटो बिघडला तर डोळ्याला दिसतो तरी. लिप्यंतरांचं काय? ती ओडीटी या प्रकारच्या फायलींत होती. ओडीटी फाइल आतून झिप असते, तिच्यात तपासणीचा आकडा असतो, सगळ्या फायली पास झाल्या. पण टाइप केलेला मजकूर सेव्ह व्हायच्या आधी रॅममध्येच बिघडला असेल तर तो आकडाही बिघडलेल्या मजकुराचाच असणार. युनिकोडमध्ये देवनागरी ० आणि १ यांत एका बिटाचा फरक आहे. २ आणि ३ यांतही एकाच बिटाचा. शक्यता अगदी बारीक आहे, हे मी काकूंना सांगितलं. शून्य आहे असं नाही सांगू शकलो.

म्हणून तेव्हापासून शनिवारी दुकान बंद केल्यावर आम्ही दोघं बसतो. स्क्रीनवर डाव्या बाजूला फोटो, उजवीकडे टाइप केलेलं. मोडी अक्षर मला येत नाही पण आकडे देवनागरीच्या जवळचे असतात, ते वाचायला शिकलोय. मी फोटोतला आकडा वाचतो, काकू टाइप केलेला. मागच्या महिन्यात एका करारपत्रात मी म्हटलं शके १७२२, त्या म्हणाल्या माझ्याकडे १७२३. दोघंही गप्प. मग त्यांनी पुढचा शब्द वाचला, रौद्र नाम संवत्सरे, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "रौद्र म्हणजे १७२२ च. १७२३ ला दुर्मती." त्या काळचे लोक वर्षाच्या आकड्याबरोबर संवत्सराचं नाव लिहायचे, त्यामुळे आकडा चुकला तर नाव लगेच पकडतं. शा-२५६ करतं त्यातलंच काम दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने कागदावर करून ठेवलेलं. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होतो.

"माझीच टायपिंगची चूक असेल रे, चष्मा बदलायला झालाय," काकू म्हणाल्या. ते पान डिसेंबर २०२३ मध्ये टाइप केलेलं, पट्टी बसवल्यानंतर महिन्याभराने. २ चा ३. मी काही बोललो नाही.

रुपयांच्या आकड्यांपुढे संवत्सर नसतं, त्यामुळे हिशेबांची पानं जास्त वेळ घेतात. सध्या नववा रुमाल चालू आहे, एकूण चौदा. ती पट्टी मी फेकलेली नाही, लाल मार्करने फुली मारून काउंटरच्या खणात ठेवलीय.