पुस्तक दुकानात का मिळत नाही?

माझे जुने विद्यार्थी आता पुण्या-मुंबईत आहेत, कुणी नागपूरला, कुणी दुबईत. माझा नवा कथासंग्रह आला की त्यांचे फोन येतात. अभिनंदन झालं की पुढचं वाक्य ठरलेलं: "बाई, दुकानात विचारलं, नाही म्हणाले. तुम्ही एखाद्या मोठ्या प्रकाशकाकडे का देत नाही?" या विचारण्यात माया असते. बाईंचं पुस्तक चार लोकांपर्यंत पोचावं, एवढंच त्यांच्या मनात असतं. फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत त्याबद्दल इथे सविस्तर लिहिते.

आधी हिशेबाचं. डेमी आकाराचं एकशे साठ पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानं एकत्र छापली जातात त्याचा एक फॉर्म, असे दहा फॉर्म. ऑफसेटवर छापायचं तर प्लेट्स कराव्या लागतात, मशीन लावावं लागतं. हा खर्च तीनशे प्रती काढा नाहीतर तीन हजार, सारखाच येतो. आवृत्ती लहान असली की प्रत महाग पडते ती यामुळे. हल्ली डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही काढता येतात, पण तिथे प्रतीमागचा खर्च फारसा उतरत नाही. समजा, पुस्तकाची किंमत अडीचशे रुपये ठेवली. वितरक आणि विक्रेता मिळून चाळीस टक्के घेतात, कधी त्याहून जास्त. उरले दीडशे. त्यातून कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे पैसे, लेखकाचं मानधन आणि पार्सलचा खर्च भागवायचा. शिवाय दुकानाकडून पैसे येतात ते प्रत विकली गेल्यावर, काही महिन्यांनी. वर्षाला चार-पाच पुस्तकं काढणाऱ्या माणसाला इतके दिवस रक्कम अडकवून ठेवणं झेपत नाही. दुकानदाराचीही बाजू मला दिसते. त्याच्या फळ्या मोजक्या, जागेचं भाडं महिन्याच्या महिन्याला द्यायचं.

म्हणून माझे प्रकाशक दुकानांच्या मागे लागत नाहीत. ते फोनवर मागणी घेतात, प्रदर्शनांत टेबल मांडतात, ग्रंथालयांना पत्रं लिहितात. पूर्वी रजिस्टर्ड बुकपोस्टाने पुस्तक कमी पैशांत कुठल्याही खेड्यात जायचं. ती सेवा २०२४च्या डिसेंबरात बंद झाली, आणि तेव्हापासून टपालखर्चाचा विचार किंमत ठरवतानाच करावा लागतो.

हा झाला व्यवहार. तो मोठ्या प्रकाशकाकडे गेल्याने सुटला असता, हे मला मान्य आहे. तरी मी जात नाही, आणि त्याचं कारण मी काय वाचत वाढले त्यात आहे.

मी चिपळूणची. आमच्या गावात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, १८६४ सालचं. शाळेत असल्यापासून मी तिथली सभासद. नावाजलेल्या लेखकांची पुस्तकं बहुतेक वेळा बाहेर गेलेली असायची, नंबर लावून थांबावं लागायचं. तोवर जे फळीवर असेल ते घरी न्यायचं. फळीवर असायचं ते असं: एखाद्या निवृत्त तलाठ्याच्या आठवणी, खाडीकाठच्या कुठल्याशा गावाची हकिकत, कुणा प्राथमिक शिक्षकाचा एकुलता एक कवितासंग्रह. प्रकाशकाच्या जागी पुष्कळदा लेखकाच्याच घरचा पत्ता. या पुस्तकांत कच्चं लेखन खूप होतं, ते मला त्या वयातही कळत होतं. पण आमच्या घरात, आवाटात म्हणजे वाडीत, एसटीत माणसं जी संगमेश्वरी बोली बोलतात ती छापलेली मी पहिल्यांदा अशाच एका पुस्तकात पाहिली. आजीची वाक्यं पुस्तकात येऊ शकतात, हे मला तिथे समजलं. लिहावंसं वाटलं ते त्यानंतर.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसली. ग्रंथालयाच्या पुस्तकात मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. वीस वर्षांपूर्वी, पाचशे प्रती छापून निघालेल्या एका पुस्तकाची ती चिठ्ठी शिक्क्यांनी भरली होती आणि तिच्यावर दुसरी चिकटवली होती. आवृत्ती पाचशेची, पण त्या एका प्रतीचे वाचकच किती झाले असतील! तेव्हापासून "किती खपलं?" या प्रश्नाने मला पुस्तकाचं आयुष्य मोजता येत नाही. गावोगावच्या वाचनालयांतून, सरकारी वर्गवारीतल्या अ वर्गाच्या मोठ्या ग्रंथालयापासून ड वर्गाच्या एका खोलीपर्यंत, पुस्तक हळूहळू फिरत राहतं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. मराठीतल्या छोट्या प्रकाशकाचा संसार आजही बराचसा त्यांच्या खरेदीवर चालतो. अनुदानाचा हप्ता लांबला की आमच्या प्रकाशकांचं पुढचं पुस्तकही लांबतं.

माझं लिहिणं शाळेच्या नोकरीत झालं. पहाटे उठून लिहायचं, साडेसहाला आवरायला घ्यायचं. कथा बहुतेक दिवाळी अंकांसाठी लिहिल्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वेळापत्रकच ठरून गेलंय. संपादकांचं पत्र ऐन पावसाच्या तोंडावर येतं, कथा श्रावणापर्यंत पोचवायची. चिपळूणच्या पावसात दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे मला ते सोयीचं पडलं. मानधन कुठे मिळतं, कुठे फक्त अंक येतो. मी मात्र दरवर्षी एका अनोळखी अंकाला कथा देते, कारण असा अंक काढणारी तरुण मुलं स्वतःच्या खिशातून कागद घेत असतात, आणि त्यांना दिलेली कथा ती मुलं फार जपून छापतात.

पहिला संग्रह तयार झाला तेव्हा मी तो एका मोठ्या प्रकाशन संस्थेकडे पाठवला होता. त्यांचं उत्तर सभ्य होतं. कथा आवडल्या, संवाद प्रमाण मराठीत करून द्यावेत, सर्वांत लांब कथा निम्मी करावी आणि नावात 'कोकण' यावं, म्हणजे विक्रीला बरं. मी आठवडाभर विचार केला. संवाद बदलायला बसले तर माझ्या कथेतली म्हातारी गप्पच झाली. तिला प्रमाण मराठीत सांगण्यासारखं काही नव्हतं. मी हस्तलिखित परत मागितलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या, घरच्या पडवीत कचेरी असलेल्या प्रकाशकांकडे दिलं.

त्यांनी लांब कथा निम्मी केली नाही. मात्र तिच्यातली तीन पानं अशी काही हेरली की ती गेल्यावर कथा श्वास घेऊ लागली. एकेका ओळीवर आम्ही भांडलो. "हा शब्द तुमच्या गावात म्हणतात की फक्त तुमच्या घरात?" असं विचारणारा संपादक मला दुसरा भेटलेला नाही. अक्षरजुळणी ते स्वतः करतात. श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, बोलीतले मुद्दाम ठेवलेले उच्चार 'चूक' म्हणून सुधारले जातात. मुद्रितशोधनाच्या चार फेऱ्या होतात आणि चौथी आम्ही मोठ्याने वाचून करतो, एकाने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. माझं वाक्य कुठे अडतं ते मला त्या फेरीत ऐकू येतं. लिहायला मी जे काही शिकले त्यातलं निम्मं तिथे शिकले.

आणि ते थांबतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या संग्रहात बरीच वर्षं गेली. त्यांनी एकदाही घाई केली नाही. मराठीत अशा थांबण्याची मोठी परंपरा आहे. कवी अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली अशोक शहाण्यांच्या 'प्रास प्रकाशन'ने काढला. पुढचे मराठी संग्रह आले २००३च्या सुमारास, तेही 'प्रास'कडूनच, आणि त्यांतल्या 'भिजकी वही'ला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जवळजवळ पाव शतक! कवीने आपल्या वेगाने लिहावं आणि प्रकाशकाने तो वेग मान्य करावा, ही गोष्ट पगारी विक्री विभाग असलेल्या संस्थेला कितीही वाटलं तरी अवघड जाते. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक किती वर्षं चालवलं आणि त्यातून किती लिहिते हात पुढे आले, तेही आठवून पाहा. मराठीत जे खरोखर नवं आलं त्यातलं पुष्कळसं आधी थोड्या प्रतींत आलं, हे मी वर्गात मुलांना आवर्जून सांगायची.

आता याची दुसरी बाजू, जी मला रात्री जागी ठेवते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली. २००५च्या जुलैतही शिरली होती, पण या वेळचं पाणी त्याहून भयंकर होतं. वाचनालयातली हजारो पुस्तकं गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण गाळ काढायला गेलो. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांची विटेसारखी ढेप झाली होती, पान पानापासून सुटत नव्हतं. साध्या कागदाची काही वाळवून वाचली. नंतर महाराष्ट्रभरातून मदत आली, पुस्तकांची खोकी आली, लोकांनी फार प्रेमाने पाठवलं. ती खोकी उघडताना माझ्या ध्यानात आलं की नावाजलेली पुस्तकं एकेकाच्या अनेक प्रतींनी परत येतायत, आणि त्या तलाठ्याच्या आठवणी, तो शिक्षकाचा कवितासंग्रह कुणाकडूनच येत नाहीये. येणार कुठून? पाचशेतल्या उरलेल्या प्रती कुणाच्या माळ्यावर असतील, त्या घरच्यांनाही माहीत नसेल.

थोड्या प्रती छापण्यातला खरा धोका हा आहे. विक्री कमी होणं मी सोसू शकते.

यावर उपाय नाही असं नाही. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. मुंबईची प्रत टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाते. छोट्या प्रकाशकांकडून हे अनेकदा राहून जातं. एकटा माणूस, चार पार्सलं, वर पोस्टाची रांग. आमच्या पुस्तकांची ही पार्सलं आता मी स्वतः बांधते आणि पोचपावत्या फाइलला लावते. त्याशिवाय प्रत्येक पुस्तकाच्या काही प्रती कोकणाबाहेर, उंचावरच्या गावांतल्या वाचनालयांना भेट देतो. सातारा, नाशिक, बुलढाणा, बेळगाव. एका नदीच्या पुरात सगळ्या प्रती जाऊ नयेत, इतका साधा विचार त्यामागे आहे.

माझ्या पुस्तकखरेदीचा नियमही तेव्हापासून बदलला. प्रसिद्ध पुस्तक मी वाचनालयातून आणून वाचते आणि पैसे लहान आवृत्तीच्या पुस्तकावर खर्च करते, जमल्यास दोन प्रती घेते, एक घरी आणि एक वाचनालयाला. चांगलं असेल तर लेखकाला पत्र लिहिते. त्यांतल्या काहींना ते पहिलंच पत्र असतं.

तर बाळांनो, पुस्तक हवं असेल तर शेवटच्या पानावर प्रकाशकांचा नंबर आहे, त्यांना फोन करा. ते स्वतःच उचलतात. दुबईला पाठवणं महाग पडेल, पण आई-वडिलांच्या पत्त्यावर मागवता येईल. आणि जिथे राहता तिथल्या वाचनालयात वाचकांच्या मागणीची वही असते, तिच्यात पुस्तकाचं नाव लिहून या. माझंच लिहायला हवं असं नाही. चौथा संग्रह मार्गशीर्षात छापायला जाईल, चारशे प्रती काढतोय. त्यातल्या साठ वाचनालयांसाठी आधीच बाजूला ठेवल्या आहेत, आणि यादीत अजून दहा-बारा नावांना जागा आहे. तुमच्या गावाचं वाचनालय सुचवायचं असेल तर मला कळवा.