शेक कोणी द्यायचा, आणि कोणाच्या देखरेखीखाली

गेली एकोणीस वर्षे मी ठाण्यात पाचपाखाडीला फिजिओथेरपीचे छोटे क्लिनिक चालवते. गेल्या डिसेंबरमध्ये माझी भाची कॅलिफोर्नियाहून आली होती. ती तिथे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट, म्हणजे फिजिओथेरपिस्टची परवानाधारक सहायक, म्हणून काम करते. इथले काम कसे चालते हे पाहण्यासाठी दोन दिवस सकाळी ती क्लिनिकमध्ये येऊन बसली. दुसऱ्या दिवशी माझा मदतनीस एका आजींच्या गुडघ्याला हॉट पॅक लावत असताना तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "मावशी, शेक ठेवायच्या आधी या आजींना गरम-गार नीट कळतं का, हे आज कोणी पाहिलं?"

आजींना बरीच वर्षे मधुमेह आहे. त्यांच्या पायाची संवेदना मी तपासली होती, पण ती पहिल्या भेटीत, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी. त्या दिवशी कोणीच तपासली नव्हती. हॉट पॅक ज्या टाकीतून काढतात त्या टाकीतले पाणी सत्तर अंशांच्या वर असते. टॉवेलच्या किती घड्या घालायच्या, मध्ये किती वेळा उचलून त्वचा पाहायची, हे मदतनिसाला सवयीने ठाऊक आहे आणि तो ते मनापासून करतो. परंतु ज्याला गरम लागल्याचे कळतच नाही असा रुग्ण समोर असेल तर ती सवय पुरी पडत नाही. आजींना काही झाले नाही. मात्र सात वर्षांपूर्वी माझ्याच क्लिनिकमध्ये एका गृहस्थांच्या पोटरीवर शेकाचा फोड आला होता. त्यांची जखम भरायला दीड महिना लागला. ती चूक माझी होती आणि तिची आठवण अजून गेलेली नाही. म्हणून भाचीचा प्रश्न मला झोंबला, आणि तिच्या राज्यात याबाबत नेमके काय लिहून ठेवले आहे हे मी त्या रात्री तिच्याकडून सविस्तर समजून घेतले.

अमेरिकेत फिजिओथेरपीचा परवाना केंद्र सरकार देत नाही. तो प्रत्येक राज्य स्वतःच्या कायद्यानुसार देते. परीक्षा मात्र देशभर एकच असते, आणि थेरपिस्टची वेगळी व असिस्टंटची वेगळी असते. थेरपिस्ट आज डॉक्टरेटच्या पातळीचे शिक्षण घेऊन बाहेर पडतो, तर असिस्टंटचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो. ही दुसरी पायरी काही नवी नव्हे. तिथले पहिले असिस्टंट १९६९ मध्ये शिकून बाहेर पडले. त्यांच्याही खाली 'एड' असतो. त्याला परवाना नसतो आणि जे शिकायचे ते तो कामावरच शिकतो. माझा मदतनीस तिथे असता तर त्याची गणना एडमध्ये झाली असती.

कॅलिफोर्नियाचे नियम ऐकताना माझ्या लक्षात आले की तिथे सगळी आखणी एका रेषेभोवती केलेली आहे. रुग्ण तपासणे, उपचाराची योजना ठरवणे आणि ती बदलणे हे थेरपिस्टचेच काम. ठरलेली योजना पार पाडणे हे असिस्टंटला करता येते. थेरपिस्टने रुग्ण तपासण्याआधी असिस्टंटला मोजमापसुद्धा घेता येत नाही. उपचार संपल्याचा अहवाल त्याने लिहायचा नाही, दुसऱ्या डॉक्टरला प्रगतीचे पत्रही त्याने पाठवायचे नाही. रुग्णाच्या स्थितीत बदल दिसला तर देखरेख करणाऱ्या थेरपिस्टला कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत तो थेरपिस्ट प्रत्यक्ष किंवा निदान फोनवर तरी उपलब्ध असला पाहिजे. एका थेरपिस्टला एका वेळी दोनपेक्षा जास्त असिस्टंटवर देखरेख ठेवता येत नाही. एडच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. रुग्णाशी संबंधित काम करणारा एड एका वेळी एकच, तोही थेरपिस्टच्या अगदी जवळपास, आणि त्याने केलेल्या कामाच्या नोंदीवर थेरपिस्टने त्याच दिवशी तारखेसह सही करायची. असिस्टंटने एडवर देखरेख ठेवायची नाही, ही तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटली, कारण जबाबदारी एकेक पायरी खाली ढकलत नेण्याचा मार्गच तिने बंद केला आहे.

अर्थात कॅलिफोर्नियाचा नियम सगळीकडे तसाच लागू होतो असे नाही. किती असिस्टंट चालतील, थेरपिस्ट त्याच इमारतीत हवा की फोनवर चालेल, हे राज्याराज्यांत बदलते. शिवाय पैसे देणाऱ्याचा नियम निराळा असतो. मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत खासगी क्लिनिकमधला थेरपिस्ट असिस्टंटच्या उपचाराच्या वेळी जागेवर हजर असावाच लागे. १ जानेवारी २०२५ पासून ती अट सैल झाली आणि तो संपर्कात असला तरी चालते. त्याच योजनेत २०२२ पासून असिस्टंटने दिलेल्या उपचाराचे पैसे नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच मिळतात. भाचीला याचा राग आहे आणि तिचे म्हणणे मला पटते. दर कमी केल्याने रुग्णाची काळजी अधिक चांगली घेतली जाते असे मला वाटत नाही. मात्र राज्याचा आणि विम्याचा अशा दोन नियमांपैकी जो कडक असेल तो पाळायचा, ही तिथली रीत मला योग्य वाटते.

आपल्याकडे महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांची राज्य परिषद आहे. माझा नोंदणी क्रमांक तिथला आहे आणि प्रमाणपत्र क्लिनिकच्या भिंतीवर लावलेले आहे. देशपातळीवर २०२१ मध्ये संलग्न (अलाइड) आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याने या क्षेत्रात दोन पातळ्या मानल्या आहेत. एक, दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे शिक्षण घेतलेल्यांची, आणि दुसरी, तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास शिकलेल्यांची. म्हणजे पदविकाधारक मनुष्यबळाची कल्पना कायद्याला परकी नाही. तरीसुद्धा फिजिओथेरपीत नोंदणी झालेला, परीक्षा दिलेला आणि कामाची मर्यादा लिहून दिलेला असिस्टंट आज आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे तो 'मुलगा' किंवा 'मावशी'. आयएफटी या विद्युत उपचाराचे पॅड लावणारा, ट्रॅक्शनचा (मान-कंबरेला ताण देण्याचा) पट्टा बांधणारा, शेकासाठी पॅरॅफिन मेणाचे भांडे गरम ठेवणारा हा माणूस ठाण्यातल्या बहुतेक क्लिनिकांत दिसतो, आणि रुग्ण पुष्कळदा त्यालाच 'डॉक्टर' म्हणून हाक मारतात.

नियमांतल्या या मोकळ्या जागेचा सगळ्यात वाईट परिणाम घरी जाऊन द्यायच्या उपचारांत दिसतो. घोडबंदर रोडवर संध्याकाळी एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोहोचायला किती वेळ लागतो हे इथल्या कोणालाही सांगायला नको. कासारवडवलीच्या चौदाव्या मजल्यावर पक्षाघाताचा रुग्ण असेल, क्लिनिकमध्ये चार जण थांबलेले असतील, तर 'आज तूच जाऊन ये, कालचेच व्यायाम करून घे' असे मदतनिसाला सांगण्याचा मोह होतो. दोन-तीनदा मीही त्याला बळी पडले आहे. घरपोच फिजिओ पाठवणाऱ्या एका एजन्सीने माझ्या शेजारच्या काकांकडे पाठवलेला तरुण तर कोणत्याच पदवीचा नव्हता. पक्षाघाताने लुळा पडलेला काकांचा हात तो दोरी आणि कप्पीवर डोक्याच्या वर ओढत असे. खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असताना सांधा असा ओढला तर तो आणखी निसटतो आणि दुखू लागतो. काकांचा खांदा महिनाभर इतका दुखत होता की त्यांना त्या कुशीवर झोपता येईना. व्यायाम 'कालचाच' होता हे खरे, पण तो त्या खांद्याला चालेल की नाही हे ठरवायला पहिल्या दिवसापासून कोणी आलेच नव्हते.

कॅलिफोर्नियाचा एड थेरपिस्टशिवाय अशा घरी जाऊच शकला नसता. असिस्टंट गेला असता, पण आधी थेरपिस्टने येऊन तपासणी केल्यानंतरच. मला हा फरक परवान्याच्या कागदापेक्षाही मोठा वाटतो.

भाची परत गेल्यावर मी माझ्यापुरते नियम मराठीत लिहून काढले, आणि मदतनिसाने त्यावर सही करण्याआधी त्याच्याबरोबर बसून एकेक ओळ वाचली. मधुमेह असलेल्या, पक्षाघात झालेल्या किंवा पायाला बधिरता असलेल्या रुग्णाला शेक देण्याआधी संवेदना मी तपासायची, दर वेळी. गुडघा बदललेल्या रुग्णाची पोटरी सुजलेली, गरम किंवा दाबल्यावर दुखरी वाटली तर व्यायाम थांबवून मला लगेच बोलवायचे, कारण ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. यंत्राची तीव्रता मी लिहून दिल्यापेक्षा वाढवायची नाही, रुग्णाने कितीही आग्रह केला तरी. घरी एकट्याने जायचे नाही. त्याने दिवसभर केलेल्या प्रत्येक उपचाराची नोंद मी रात्री क्लिनिक बंद करण्याआधी वाचायची आणि तिच्यावर सही करायची. या शेवटच्या कामाला रोज पाऊण तास लागतो, आणि त्यासाठी रुग्णांना देत असलेल्या संध्याकाळच्या वेळांपैकी दोन मी बंद केल्या.

आणखी एक गोष्ट केली. त्याच्या शर्टावर 'मदतनीस' असा बिल्ला लावला. याला त्याचा विरोध होईल अशी मला भीती होती. तो एवढेच म्हणाला, "मॅडम, ताई ज्या परीक्षेबद्दल सांगत होत्या, तशी परीक्षा आपल्याकडे सुरू झाली तर मला सांगाल ना? मी बारावी सायन्स आहे." राज्य परिषदेला आणि आयोगाला लिहायच्या पत्राचा मसुदा मी त्याच आठवड्यात करायला घेतला. त्यातली पहिली मागणी दोन वर्षांच्या पदविकेची आहे, आणि दुसरी, ती पदविका सुरू होण्याआधीच देखरेखीचे नियम ठरवून जाहीर करण्याची.