नळ बंद, तरी पंप चालू
आज युटामधल्या मोआबला मुक्काम. गाडीमागे ओढायच्या आमच्या राहत्या ट्रेलरमधला एकही नळ उघडा नसताना पाण्याचा पंप मधूनच घर्रकन सुरू व्हायचा, लगेच बंद. हा १२ व्होल्टचा पंप लाइनमधला दाब उतरला की आपोआप चालू होतो. म्हणजे पाणी कुठेतरी जात होतंच. सिंकखाली, कमोडमागे, हीटरपाशी, एकेका जोडावर कोरडा टिश्यू फिरवला. सगळं कोरडं ठाक! बाहेर कॅम्पच्या नळाचा पाइप जोडायचं जे तोंड असतं, तिथून मात्र टिपटिप चालली होती. आतला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत येऊ देणारी पण उलटं बाहेर जाऊ न देणारी झडप, नीट मिटत नव्हता. सध्या बूच घट्ट बसवलंय, नवा व्हॉल्व्ह मिळेपर्यंत. ट्रेलरवाल्यांनो, आतली कपाटं रिकामी करण्याआधी ते तोंड बघाच. बाहेर गळतंय तोवर ठीक, लाकडी जमिनीत पाणी मुरलं की फार नुकसान होतं.