कॅसेट कुणाची, कार्यक्रम कुणाचा: आमची वाटचाल

२००५ च्या जुलैतला पंचगंगेचा पूर ओसरला आणि कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या व्हीसीआर दुरुस्तीच्या गाळ्यात लोक पिशव्या भरभरून चिखलातल्या कॅसेट घेऊन यायला लागले. लग्नं, बारशी, तालमीच्या मिरवणुका. ओली कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, उन्हात ठेवायची नाही. कवच उघडून फीत स्वच्छ पाण्यात धुवायची आणि सावलीत सुकवायची, हे आम्ही दोघा भावांनी त्या महिन्यात हात काळे करून शिकलो. दुरुस्तीचा धंदा तसाही मरत चालला होता. त्यातून जुन्या फिती डिजिटल करायचं काम उभं राहिलं.

पुढे घरगुती कॅसेटींच्या जोडीला यू-मॅटिक आणि बीटाकॅम या व्यावसायिक चित्रीकरणाच्या कॅसेट यायला लागल्या: निवृत्त निर्मात्यांकडच्या, बंद पडलेल्या केबल चॅनेलच्या कपाटातल्या. फीत साफ झाली, चित्र दिसलं, की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, ‘आता हे वापरू शकतो ना?’

२०१८ मध्ये अशाच एकाला मी सांगून बसलो, ‘कार्यक्रम १९९२ चा आहे, पंचवीस वर्षं झाली, वापरा बिनधास्त.’ दोन महिन्यांत त्याला निर्मात्याच्या मुलाची नोटीस आली. त्याला माहितीपट मागे घ्यावा लागला. तो माणूस मला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आम्ही त्याचे सगळे पैसे परत केले आणि एका वकीलसाहेबांकडे जाऊन कॉपीराइट कायदा, १९५७ समजून घ्यायला बसलो.

मी सांगितलेला नियम खरा होता, पण अर्धा. कलम ३७ मधली पंचवीस वर्षं ही प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या हक्काची. ध्वनिचित्रमुद्रण करून ठेवलेला कार्यक्रम कायद्याच्या नजरेत चित्रपटच असतो, आणि त्याची मुदत साठ वर्षं. दोन्ही मुदती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायच्या. म्हणजे १९९६ साली दाखवलेल्या कार्यक्रमाचा प्रक्षेपण-हक्क ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, पण कार्यक्रमावरचा हक्क ३१ डिसेंबर २०५६ पर्यंत चालणार. आत पोवाडा असेल तर त्याच्या शब्दांवरचा हक्क शाहिराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. गायकाचा हक्क आणखी वेगळा.

हक्क कुणाचा, हे तर मुदतीपेक्षाही अवघड. दूरदर्शनचे कार्यक्रम घ्या. दूरदर्शनने पैसे देऊन करून घेतलेला कार्यक्रम बहुतेक वेळा दूरदर्शनचा. प्रायोजित कार्यक्रम निर्मात्याकडे राहिलेला असू शकतो. शेवटच्या पाटीवर ‘निर्मिती’ असं लिहिलेलं असतं, पण पाटी म्हणजे करार नव्हे. कॅसेट ज्याच्या कपाटात आहे तो तर फक्त प्लॅस्टिकचा मालक.

दोन वर्षांपूर्वी तालमींवर माहितीपट करणारा एक तरुण आला. त्याला १९९६ च्या एका स्थानिक केबल कार्यक्रमातली आठ मिनिटं हवी होती. टेप केबलवाल्यांकडे होती आणि त्यांनी तोंडी होकारही दिला होता. निर्माते हयात नव्हते. आम्ही शिवाजी पेठेत त्यांच्या घरी गेलो.

‘काकू, काकांचे जुने कागद कुठं ठेवलेत का?’

‘अरे बाळा, ह्यांनी कधी चिठोरंसुद्धा टाकलं नाही. माळ्यावरची ट्रंक काढ.’

ट्रंकेत स्टॅम्पपेपरवरचा करार निघाला. कार्यक्रमाचे हक्क चॅनेलला दिले होते, पण किती वर्षांसाठी ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कलम १९ सांगतं की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे २००१ सालीच हक्क काकांकडे परतले होते, आणि आता वारसांकडे. हा नियम १९९४ च्या दुरुस्तीतून आला आणि १० मे १९९५ पासून लागू झाला. करार त्याआधीचा असता तर त्याचा आधार घेताच आला नसता. तारीख मी तीनदा वाचली. काकूंना काहीच कल्पना नव्हती. त्या तरुणाने त्यांना रीतसर मोबदला दिला, काकू आणि दोन्ही मुलांनी लेखी परवानगी दिली. मागे वाजणारं चित्रपटगीत मात्र काढावं लागलं, कारण त्याचे हक्क काकांचे कधीच नव्हते. त्या जागी आखाड्यातला नुसता आवाज ठेवला.

तेव्हापासून प्रत्येक टेपबरोबर आम्ही हक्कपत्रक देतो: पहिल्या प्रक्षेपणाची तारीख, पैसे कुणी घातले, करार पाहिला की नाही, गाणी कोणती, वारस कोण. ज्या रकान्यात पुरावा नाही तिथे ‘माहीत नाही’ असंच लिहितो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं नाराज होऊन जातात. कागदच नसतील तर आम्ही ‘वापरू नका’ म्हणतो आणि टेप जपून परत देतो. डिजिटल करण्यापेक्षा या पत्रकाला जास्त दिवस लागतात, म्हणून त्याचे पैसे वेगळे घेतो आणि ते आधीच सांगतो.

टेप आणताना तिचं कव्हर, आतली चिठ्ठी, जुनी बिलं, निमंत्रणपत्रिका, प्रक्षेपणाच्या जाहिरातीचं कात्रण, जे असेल ते बरोबर आणा. चिखल लागलेला असला तरी पुसू नका, ते आम्ही करतो.