गोळी दिली, पण कारण सांगितले का?

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच बडोदे शहरात राहत असल्यामुळे शाळेकडून माझ्या अपेक्षा थोड्या जास्त आहेत, हे मान्य करते.

आमच्या शेजारी, दांडिया बाजारात राहणाऱ्या सातवीतल्या मुलीच्या कंपासपेटीत परवा लोहाच्या निळ्या गोळ्या सापडल्या. रक्तक्षय टाळण्यासाठी दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना शाळेतून आठवड्याला एक अशी ही गोळी मिळते आणि तिच्यात साठ मिलिग्रॅम लोह व फॉलिक अ‍ॅसिड असते. पहिल्या गोळीनंतर शौचाचा रंग काळा झाला, त्यामुळे ती घाबरली आणि लाजेपोटी कोणाला काही बोललीही नाही. लोहामुळे असे होते, त्यात काळजीचे काही नसते, गोळी उपाशीपोटी घेतल्यास मळमळू शकते, लगोलग चहा प्यायल्यास लोह नीट शोषले जात नाही, उलट पोह्यांवर पिळलेल्या लिंबाने त्याला मदतच होते, एवढे सांगायला वर्गात दहा मिनिटे पुरली असती.

प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०२० पासून आहे आणि त्यात पोषणाबरोबरच मानसिक आरोग्य व वाढत्या वयातील बदलही येतात. योजना उत्तमच आहे. मात्र आरोग्याच्या या तासाला वेळापत्रकात हक्काची जागा हवी, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला देऊन टाकण्याची प्रथा मुख्याध्यापकांनी बंद करायला हवी.